सावरखारवरचा ओरखडा

पेणच्या एस.टी. स्टँडमागच्या गल्लीत धनेश म्हात्रेचं छपाईचं दुकान होतं आणि त्या दुकानात एक कॉम्प्युटर होता. त्याच्यावर नम्रता काम करायची. जोह्याहून सकाळच्या बसने यायची, दिवसभर लग्नपत्रिका आणि गणपतीच्या कारखान्यांची कार्डं जुळवायची आणि दिवेलागणीच्या आत घरी पोचायची.

दुपारी जेवणं झाली की गल्ली निजायची. धनेश शटर अर्धं खाली ओढून मागच्या खोलीत कागदाच्या गठ्ठ्यांवर आडवा व्हायचा. अर्ध्या शटरखालून उन्हाचा एक पट्टा आत येऊन फरशीवर पडून राहायचा. कॉम्प्युटरची घरघर तेवढी ऐकू यायची. त्या वेळात नम्रता चित्रं काढायच्या 'पेंट'ची खिडकी उघडायची आणि सावरखार काढायला बसायची.

सावरखार म्हणजे तिच्या आत्याचं गाव. खाडीच्या काठाला चिखलमातीचा लांबच लांब बांध आणि त्या बांधाच्या आड भातशेती, घरं, दोन तळी. बांधाच्या एका अंगाला गोडं पाणी, दुसऱ्या अंगाला खारं. नम्रताच्या जन्माच्या बरंच आधी एका उधाणाला तो बांध फुटला आणि खाडी शेतात शिरली. बांध पुन्हा बांधायचं राहून गेलं. भरती रोज यायची, ओहोटीला थोडी मागे सरायची, आणि दोन-तीन वर्षांत शेतांत तिवरं उगवली. माणसं मिळेल तिकडे गेली. जनीआत्या नवऱ्याला घेऊन भावाकडे जोह्याला आली आणि गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासायच्या कामाला लागली. नवरा मागेच वारला. जनीआत्या अजून घासायची. तिच्या बोटांची टोकं मूर्तींसारखीच गुळगुळीत झाली होती.

कारखान्याचं सामान न्यायला ती पेणला यायची. परतीच्या बसला वेळ असायचा, म्हणून पंख्याखाली बसायला दुकानात यायची. असंच एकदा नम्रता कोणाच्या तरी वास्तुशांतीच्या कार्डावर घराचं चित्र काढत होती. आत्या मागे उभी राहून बघत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आमचे घराचं दार असं नव्हतं गो. उजवे अंगाला व्हतं. खाडीचं वारं नको म्हनून."

नम्रताने दार उजवीकडे नेलं.

"आनि पुढं वटा. वट्याला लागून माडाचं खोड, बसायला."

नम्रताने ओटा काढला, त्याला लागून खोड काढलं. कार्डाचं घर निराळं काढावं लागलं, पण हे घर तिने पुसलं नाही. पुढच्या खेपेला त्या घराशेजारी दुसरं घर आलं, मग घरांमागची वाट, वाटेवरचं उंबराचं झाड. आत्या सांगायची, नम्रता काढायची. आत्या सरळ कधी सांगायची नाही. वाटेवरून चालत गेल्यासारखी सांगायची. "आता पोपटच्या घरापाशी आलो. हितं कुत्रा अंगावर येयाचा. जरा लांबनं चल." मग नम्रताचा माऊसही जरा लांबून जायचा. आत्याचे डोळे अर्धे मिटलेले असायचे. तिचा आवाज, वरच्या पंख्याचा आवाज आणि कॉम्प्युटरची घरघर एकमेकांत मिसळायची आणि कधी कधी नम्रताला वाटायचं, आपल्या पायाखाली फरशी नाही, ओला बांध आहे, आणि बोटांच्या मधून चिखल वर येतो आहे.

गाव वाढत गेलं. पडदा लहान होता आणि चित्र त्याच्याहून किती तरी मोठं झालं होतं. घरं बघायची तर तळं पडद्याबाहेर जायचं, तळं बघायचं तर बांध. चित्र इकडेतिकडे सरकवत बघावं लागायचं. एका फ्लॉपीत ते मावेनासं झालं, म्हणून नम्रताने दुसरीकडे कुठे ठेवलंच नाही. घरं, झाडं, होड्या सगळं रंगवून झालं, फक्त शेतं आणि खाडी पांढरी राहिली. आत्याचं काही ठरत नव्हतं. "भात कंदीचा दाखवशील? लावनीचा येगळा, पिकल्याचा येगळा. ऱ्हाव दे. नंतर बघू." नंतर बघू म्हणत अठ्ठ्याण्णव सालचा मे महिना आला.

त्या मे महिन्यात कॉम्प्युटर बंद पडायला लागला. सकाळी नीट चालायचा. ऊन वर आलं की पडदा गोठायचा, बाण जागच्या जागी उभा राहायचा आणि नवऱ्यामुलाचं अर्धं नाव लिहिलेलं तसंच राहायचं. लग्नसराई जोरात होती. धनेशने रोह्याजवळ वरस्याला राहणाऱ्या सुजयला फोन लावला. सुजय त्याचा कॉलेजमधला दोस्त, धाटावच्या एका कंपनीत शिफ्टवर कामाला होता आणि घरी कॉम्प्युटर जोडायचा, उघडायचा, पुन्हा जोडायचा. हा कॉम्प्युटरही त्यानेच जोडून दिला होता.

"प्रोसेसरवरचा पंखा गेला असणार," सुजय म्हणाला. "मी मुंबईहून एक कूलर आणून ठेवलाय. चांगला मोठा हाय. पण मला या आठवड्यात सुट्टी नाय. रोह्याहून येणाऱ्या कोणाबरोबर पाठवतो, तुम्हीच बसवा. सोपं हाय."

कूलर आला तेव्हा आत्या दुकानातच होती. मूठभर आकाराचा ॲल्युमिनियमचा ठोकळा, त्याला कंगव्यासारखे दात, वर काळा पंखा.

"ह्यो कूलर?" आत्या म्हणाली. "मला वाटलं आपल्याला पन वारा लागंल."

धनेश हसला. त्याने मेन स्विच बंद केला, पेटीचं झाकण काढलं. आतून धुळीचा एक गोळा मांजराच्या पिलासारखा बाहेर घरंगळला. जुना पंखा खरंच जाम झाला होता. तो निघाला सहज. धनेशने प्रोसेसर फडक्याने पुसला, सुजयने पाठवलेल्या पुडीतला पांढरा लेप त्याच्यावर पसरला. आत्याला तो तंबाखूच्या चुन्यासारखा वाटला.

नवा कूलर बसवायचा म्हणजे पोलादी पट्टीची एक बाजू खाचेत अडकवायची आणि दुसरी बाजू स्क्रू ड्रायव्हरने खाली दाबून अडकवायची. धनेशची बोटं जाड, पेटीत जागा थोडी. त्याने तीनदा प्रयत्न केला आणि घाम पुसत मागे सरला.

"नम्रता, तू बघ गं. तुझा हात बारीक हाय."

नम्रताने स्क्रू ड्रायव्हर घेतला. पट्टी फार कडक होती. तिने जोर लावला, पट्टी थोडी खाली गेली, आणखी थोडी. खाच अगदी जवळ दिसत होती. तिने अंगाचा भार दिला आणि त्याच वेळी पट्टीवरून टोक निसटलं.

कर्र असा बारीक आवाज झाला. पाटीवर खिळा ओढल्यासारखा.

नम्रताचा हात तसाच पेटीत राहिला. हिरव्या बोर्डावर केसाएवढ्या बारीक सोनेरी रेघा एकमेकींना न शिवता शेजारून धावत होत्या आणि त्यांच्यावरून आडवा, ताजा, चमकणारा ओरखडा गेला होता.

"काय नाय," धनेश वाकून बघत म्हणाला. "वरवरचा हाय. रंग गेला असेल." मग त्याने स्वतःच पट्टी दाबून अडकवली, आता ती एका दमात बसली. त्याने स्विच लावला.

पंखा फिरला. छान, गार, एकसारखा फिरला. पडदा काळाच राहिला.

त्यांनी बंद करून परत लावला. वायरी काढून परत खोचल्या. पंखा दर वेळी फिरायचा आणि पडदा दर वेळी काळा राहायचा. धनेशने समोरच्या दुकानातून सुजयला फोन लावला. आत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"बोर्ड गेला म्हणतो. त्या रेघा तुटल्या की संपलं. नवाच टाकायला लागंल."

"दादा, मी..." नम्रताने ओढणी डोळ्यांना लावली.

"अगं, माझ्या हातनं गेला असता तरी तेच. तू रडू नको बाबा, मला सुचत नाय मग."

पण नम्रता बोर्डासाठी रडत नव्हती, हे त्याला कुठे माहीत होतं? आत्याला कळलं असावं. ती खुर्चीवरून उठून पेटीजवळ आली, वाकून आत बघितलं. त्या हिरव्या बोर्डावरच्या रेघा, चौकोनी काळे तुकडे, उभ्या टाक्यांसारखी नळकांडी. ती बराच वेळ बघत राहिली.

"आत पानी गेलं का गो?" तिने हळूच विचारलं.

"पाणी नाय आत्या. माझ्या हातून घासलं."

"मंग गाव?"

नम्रताने मान खाली घातली. आत्याने पिशवी उचलली. बसला अजून पुष्कळ वेळ होता, तरी ती उन्हात बाहेर पडली आणि स्टँडच्या दिशेने चालू लागली. तिच्या चालण्यात राग दिसत नव्हता. कोणी तरी वाटेवरून ऊठ म्हणावं आणि आपण उठून बाजूला व्हावं, तशी ती चालली होती.

संध्याकाळी नम्रता घरी गेली तेव्हा आत्या कारखान्याच्या पडवीत होती. रंग न दिलेल्या पांढऱ्या मूर्तींच्या रांगेत बसून एकीच्या कानाची कड घासत होती. नम्रता तिच्याजवळ टेकली. पांढरी भुकटी दोघींच्या अंगावर बसत राहिली.

"परत काढू आपण," नम्रता म्हणाली.

"नाय गो," आत्या म्हणाली. "एकदा सांगून झालं. परत सांगाया गेलं की बदलतं." आणि तिने मूर्ती वळवून दुसरा कान घासायला घेतला.

दुसऱ्या दिवशी नम्रता दुकानात आली तेव्हा धनेश पेटीतून एक चपटा, जड डबा काढत होता. वहीपेक्षा लहान, पत्र्याचा.

"सुजयचा परत फोन आलेला," तो म्हणाला. "मी बोर्ड आणायला मुंबईला निघालोय. तू ही हार्ड डिस्क घेऊन वरस्याला जा. तो आज दुपारपर्यंत घरी हाय. आपल्या पत्रिका त्याच्या कॉम्प्युटरवर उघडून फ्लॉपीत भरून आण, म्हणजे दुसऱ्या प्रेसमधून तरी छापून घेऊ. लोकांची लग्नं थांबायची नायत."

"पत्रिका आहेत अजून?"

"का नसतील? बोर्ड गेला. लिहिलेलं सगळं ह्याच्यात असतं."

नम्रताने तो डबा हातात घेतला. थंड होता आणि वाटला होता त्याहून जड. तिने एवढंच विचारलं, "दादा, आत्याला घेऊन जाऊ का?"

"ने की."

ती जोह्याला परत गेली आणि गाव अजून आहे, असं तिने आत्याला सांगितलं. आत्याचा विश्वास बसला नाही, पण तिने हात धुतले, दुसरं लुगडं नेसली आणि काही न विचारता बसमध्ये चढली. पेण स्टेशनात दिव्याहून येणारी रोहा पॅसेंजर उभीच होती. गाडीचा डबा जवळजवळ रिकामा होता. आत्याने खिडकीची जागा धरली आणि हात पुढे केला.

"दे हिकडं."

नम्रताने पंच्यात गुंडाळलेली डिस्क तिच्या मांडीवर ठेवली. आत्याने दोन्ही तळवे वर ठेवले, झोपलेल्या मुलाच्या पोटावर ठेवावेत तसे. गाडी सुटली. मेच्या उन्हात शेतं भेगाळून पडली होती, डोंगर धुरकट दिसत होते, आणि दूरवर हवा अशी थरथरत होती की तिथे पाणी आहे असं वाटावं. कासू गेलं. खिडकीतून गरम वारा येत होता. आत्याची मान डुलायला लागली, पण तळवे हलले नाहीत.

"नम्रे," ती डोळे मिटूनच म्हणाली, "ह्याच्यात घरं कशी ऱ्हातात?"

"घरं नाय राहत आत्या. कुठल्या ठिकाणी कुठला रंग, एवढंच राहतं. आत चकती आहे, तिच्यावर लिहिलेलं."

"चकती फिरते?"

"चालू असली की फिरते."

"आता बंद हाय ना?"

"बंद आहे."

"बरं. निजलेत मंग समदे."

नागोठणं आलं, गेलं. नम्रतालाही गुंगी आली. गाडीच्या खडखडाटातून तिला वाटत राहिलं की आत्याच्या मांडीवर खरंच कोणी तरी झोपलं आहे, एक नाही, पुष्कळ जण, कुत्र्यासकट, आणि रोहा येईपर्यंत कोणी मोठ्याने बोलू नये.

वरस्याला सुजयचं घर नव्या वसाहतीच्या टोकाला होतं. घराला अजून बाहेरून गिलावा व्हायचा होता. सुजय ढगळ बनियनवर होता, रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबारलेले. त्याची बायको नूतन हिने दोघींना कोकमाचं सरबत दिलं आणि आत्याला खुर्ची पुढे केली. आत्याने पंचा सोडून डिस्क सुजयच्या हातात दिली आणि ती सुटेपर्यंत त्याच्या हाताकडे बघत राहिली.

सुजयने आपल्या कॉम्प्युटरची पेटी उघडीच ठेवली होती. त्याने डिस्क जोडली, कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर अक्षरं धावली. त्याने भुवया उंचावल्या.

"दिसत नाय."

सुजयने बंद केला, डिस्क काढली, तिच्या मागच्या बाजूची मुगाच्या दाण्याएवढी एक टोपी चिमट्याने काढून शेजारच्या काड्यांवर बसवली. "दोन डिस्का एका वायरीवर असल्या की एकीला मोठी म्हणायचं, एकीला धाकटी. दोघी मोठ्या झाल्या होत्या." नूतन हसली. परत सुरू केला. अक्षरं परत धावली, आणि मग डिस्कमधून एक बारीक, ओळखीचा करकर आवाज आला.

"आली," सुजय म्हणाला.

पत्रिका सगळ्या होत्या. त्याने त्या एकेक करून फ्लॉप्यांमध्ये भरल्या. मग नम्रताने धीर करून सांगितलं, "सुजयभाऊ, अजून एक आहे. चित्र आहे." त्याने ते आधी स्वतःच्या डिस्कवर उतरवून घेतलं आणि मग उघडलं.

सुजयचा पडदा मोठा होता. कंपनीतल्या कोणाकडून तरी घेतलेला, टेबलाचा अर्धा भाग व्यापणारा. त्याच्यावर सगळं बारीक दिसायचं, पण पुष्कळ मावायचं. आणि त्या पडद्यावर सावरखार उघडलं ते सबंध उघडलं.

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बांध. बांधाच्या आतल्या अंगाला घरांच्या दोन ओळी, उंबर, दोन तळी, देवळाचं कौलारू छप्पर, मिठागराकडे जाणारी वाट, चिखलात टेकलेल्या होड्या. नम्रतानेही ते असं कधी पाहिलं नव्हतं. तुकड्यातुकड्यांनी तिने काढलेल्या वाटा एकमेकींना नेमक्या येऊन मिळाल्या होत्या. आपण एवढं सगळं काढलं, हे तिला खरंच वाटेना.

आत्या खुर्चीवरून उठली. टेबलाच्या कडेला हात टेकून उभी राहिली. तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. घरामागून घर, ती नावं घेत होती. सुजयने डोळे चोळले, नूतनने पंख्याचा वेग कमी केला, का ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"येवढंसंच व्हतं का गो?" आत्या शेवटी म्हणाली. "मला लय मोठं आठवायचं."

मग काही वेळाने: "खाडी पांढरी बरी नाय दिसत. सकाळची निळसर असायची. तशी कर."

नम्रता खुर्चीवर बसली. तिने पेंटमधली, रेघांच्या आतली जागा भरणारी रंगाची बादली घेतली, निळा घेतला, बादली खाडीवर नेली आणि बटण दाबलं.

निळा रंग खाडीत भरला. आणि थांबला नाही. बांधाच्या रेघेत कुठे तरी एक ठिपका सुटला होता. तिथून तो आत आला. पांढरी शेतं होती तेवढी सगळी निळी झाली, वाटांच्या दोन्ही अंगांना पाणी लागलं, घरांच्या फटीफटींतून, उंबराच्या बुंध्याभोवतून तो मागच्या तळ्यापर्यंत गेला. घरं तेवढी कोरडी राहिली, एकेकटी, निळ्यात उभी.

"अरे बापरे!" नूतन म्हणाली.

नम्रता हादरली. तिने आत्याकडे बघायचं टाळलं. आत्याने टेबलाची कड घट्ट धरली होती.

"अश्शीच," आत्या म्हणाली. "अश्शीच आलेली. आवाज नाय, काय नाय. सकाळी उठून दार उघडलं तर वट्याला पानी."

"थांब आत्या, थांब, मी मागे घेते."

नम्रताने दोन बटणं एकत्र दाबली. निळं गेलं. शेतं पांढरी झाली, वाटा मोकळ्या झाल्या, खाडी बांधाच्या पलीकडे गेली आणि तिथलीही पांढरी झाली.

आत्याचं तोंड उघडं राहिलं.

"कुटं गेलं?"

"मागे गेलं."

"समदं?"

"सगळं."

आत्या खाली बसली. जमिनीवरच, टेबलाच्या पायापाशी, आणि वर पडद्याकडे बघत राहिली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण ती हसतही होती. नूतन तिच्या शेजारी जाऊन बसली.

"परत दाव," आत्या म्हणाली.

नम्रताने परत बादली ओतली. पाणी आलं. परत मागे घेतलं. पाणी गेलं. सुजय दाराशी उभा राहून बघत होता, त्याला झोप आली होती पण तो हलला नाही. कितीदा तरी पाणी आलं आणि कितीदा तरी गेलं. दर खेपेला आत्याचा श्वास अडायचा आणि दर खेपेला सुटायचा, आणि होता होता तो अडायचा कमी झाला.

"आता ते भोक शोध," ती शेवटी म्हणाली.

नम्रताने चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं. रेघेचे चौकोन चौकोन दिसायला लागले, तपकिरी विटा एकापुढे एक लावल्यासारखे. त्या विटांवरून चौघांची नजर सरकत गेली. देवळाच्या मागच्या बाजूला एक चौकोन पांढरा होता.

"हे बघ आत्या, इथे," नम्रता म्हणाली.

"मी बुजवते," आत्या म्हणाली.

नूतनने हात देऊन तिला खुर्चीवर बसवलं. नम्रताने तिचा हात माऊसवर ठेवला. आत्याचा हात जड पडत होता, बाण इकडून तिकडे पळत होता. तिने ओठ दुमडून धरले. मूर्तीचा डोळा घासताना ती ओठ तसे दुमडायची. बटण दाबलं गेलं, चुकून आणखी दाबलं गेलं, हात हलला, आणि त्या पांढऱ्या चौकोनावर आणि त्याच्या आजूबाजूला तपकिरी रंगाचा एक वेडावाकडा ढीग झाला.

"जास्त झालं," नम्रता म्हणाली. "आजूबाजूचं पुसू का?"

"पुसू नको. बांध असाच घालतात. चिखल टाकला की टाकला."

मग नम्रताने बादली घेतली, खाडीवर नेली आणि बटण दाबलं. निळा रंग बांधाला येऊन लागला आणि तिथेच उभा राहिला.

सुजयने तेही साठवून ठेवलं. नूतनने भात आणि वालाचं बिरडं वाढलं, आत्या दोनदा मागून जेवली. निघताना सुजय म्हणाला, "धनेशला सांग, बोर्ड मिळाला तरी हात लावू नको. रविवारी मी येतो. कूलर मी बसवतो, खाली पुठ्ठा घालून."

परतीच्या गाडीत आत्याला झोप आली नाही. डिस्क पुन्हा तिच्या मांडीवर होती, पण आता तिने एकच हात वर ठेवला होता. दुसऱ्या हाताने ती खिडकीची सळई धरून बसली होती. ऊन उतरलं होतं. नागोठण्यानंतर ती बोलायला लागली.

आजवर तिने सांगितलेलं सगळं सावरखारच्या आतलं होतं. पाणी आलं त्या सकाळपर्यंत येऊन ती थांबायची आणि परत मागे फिरायची. आज ती त्या सकाळपासून पुढे निघाली. वट्याला पाणी लागल्यावर तिने आणि नवऱ्याने आधी काय उचललं, भाताची कणगी उचलणं शक्य नव्हतं म्हणून ती कशी फोडली, रघू नावाच्या शेजाऱ्याने आपल्या होडीत म्हातारी माणसं आधी कशी घेतली आणि स्वतःची म्हैस मागे पोहत कशी आली. कंबरेएवढ्या पाण्यातून बांधाबांधाने चालत ती दोघं डोंगराच्या पायथ्याला पोचली तेव्हा दुपार झाली होती.

"तिथं एक घर व्हतं. कोन, कुठली, काय म्हाईत नाय. बाई दारात उभी व्हती. तिनं इचारलं नाय की तुमी कोन. आत गेली, नाचनीची पेज आनली. गरम व्हती लय. आमचा मालक फुंकर मारत बसला, मी तशीच प्याले. जीभ भाजली. तुला सांगते नम्रे, त्या पेजंएवढं ग्वाड मी परत काय खाल्लं नाय."

नम्रताला तो लुगड्याचा ओला काष्टा, ती वाडगी, त्या अनोळखी बाईचा हात दिसत होता. चित्रात काढता येईल का, असं क्षणभर तिच्या मनात आलं, पण आत्या सांगत होती आणि तिने फक्त ऐकलं.

पेणला गाडी थांबली तेव्हा समोरच्या फलाटावर दिव्याकडून येणारी गाडी क्रॉसिंगला उभी राहत होती. त्या गाडीतून धनेश उतरला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, काखेत पुठ्ठ्याचा खोका. त्याला या दोघी दिसल्या आणि त्याने तिकडूनच खोका उंच धरून दाखवला. पूल ओलांडून आला.

"मिळाला! तोच, तसाच. पत्रिका निघाल्या?"

नम्रताने फ्लॉप्या त्याच्या हातात दिल्या. सुजयचा निरोप सांगितला. धनेशने मान हलवली. "त्याला कशाला सांगायला पाहिजे? मी आता त्या पेटीला हातच लावत नाय." मग त्याने आत्याकडे बघितलं. तिचे डोळे सुजलेले आणि चेहरा मात्र निवांत, याचा त्याला काही मेळ लागेना. "काय जनीआते, बरं हाय ना? दमलात का?"

"नाय बाला. बस जरा. ऐक."

"आते, जोह्याची बस सुटेल तुमची."

"सुटू दे. मागून दुसरी हाय."

दोन्ही गाड्या एकामागून एक निघून गेल्या. फलाट मोकळा झाला. धनेशने खोका मांडीवर घेतला आणि तो बाकड्यावर बसला, नम्रता त्याच्या पलीकडे बसली. आत्याने पदराने तोंड पुसलं.

"तर ती पेज पिऊन झाली," ती म्हणाली, "आनि मंग आमी म्हनलं, आता जायाचं कुटं?"